हॅरिस ट्वीड: शिक्क्यापलीकडे कापडात काय पाहावं

हॅरिस ट्वीड म्हणजे स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर हातमागावर विणलेलं लोकरी कापड. त्याचा कोट शिवून घ्यावा का? थंड मुलखात राहणाऱ्याला उत्तर सरळ आहे, जरूर घ्या. पुण्या-नाशिककडच्या माणसाला मात्र वजन बघूनच घ्या असं सांगावं लागेल. कापड जाड, खरखरीत, अस्तराशिवाय अंगावर न ठरणारं आणि महाग आहे. किरकोळीत मीटरला पन्नास पौंडांच्या आसपास किंवा त्याहून वर भाव पडतो. पण नीट निवडलेल्या कापडाचा कोट वीस-पंचवीस वर्षं सहज चालतो आणि त्यातल्या रंगांची खोली यंत्रावरच्या कापडात क्वचितच उतरते. निवडताना नुसत्या शिक्क्यावर विसंबू नये. कापड कोणत्या मागावर विणलं आणि गिरणीत कसं मळलं, म्हणजे ओलं करून दाबून कसं घट्ट केलं, यावर सगळं ठरतं.

शिक्का म्हणजे पृथ्वीचा गोल आणि त्यावर क्रॉस. हॅरिस ट्वीड असोसिएशन १९०९ साली या शिक्क्यासाठीच स्थापन झाली. १९९३ मध्ये ब्रिटिश संसदेनं स्वतंत्र कायदा करून तिची जागा हॅरिस ट्वीड ऑथॉरिटीला दिली. कायद्यातली व्याख्या नेमकी आहे. कापड शुद्ध, नव्या लोकरीचं हवं. ती लोकर स्कॉटलंडच्या वायव्येकडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली हवी. विणणारा बेटावरचाच रहिवासी असावा, त्यानं ते स्वतःच्या घरी हातमागावर विणावं आणि कापडाची अखेरची प्रक्रियाही बेटांवरच व्हावी. ऑथॉरिटीचा तपासनीस तयार कापड पाहतो आणि मगच उलट्या बाजूवर शिक्का उमटतो.

या व्याख्येत काय नाही, तेही माहीत असावं. मेंढी बेटावरचीच असली पाहिजे असं कायदा म्हणत नाही. बरीचशी लोकर स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरून येते, मुख्यतः चेव्हियट जातीची आणि तिच्या संकराची. सूतही हातानं कातलेलं नसतं. गिरणीत कातलेलं सूत १९३४ सालापासून चालतं. ‘आमच्याच मेंढ्यांची, चरख्यावर कातलेली लोकर’ अशी जाहिरात दिसली तर विक्रेत्याला जरूर खोदून विचारा. तसं करणारे हौशी विणकर आहेत, पण बाजारातलं जवळजवळ सगळं कापड गिरणीच्या सुताचं असतं आणि त्यात कमीपणाचं काही नाही.

रंगाची खोली येते ती सुताच्या आधीच. लोकर सुट्या अवस्थेत, कातण्यापूर्वी रंगवतात. मग ठरलेल्या वजनांनी पाच-सहा किंवा जास्त रंग एकत्र करून पिंजण यंत्रातून काढतात. लांबून तपकिरी दिसणारा धागा हातात घेऊन उजेडात धरला, की त्यात नारिंगी, जांभळे, हिरवे तंतू वेगवेगळे दिसतात. सूत रंगवून किंवा कापड रंगवून हे साधत नाही. खरं कापड ओळखायची ही सगळ्यांत सोपी खूण आहे, कारण नकली ट्वीडमध्ये एकेका रंगाचे सपाट धागे असतात.

हे सूत पिंजून थेट कातलेलं असतं. सुटाच्या गुळगुळीत कापडासाठी लोकर विंचरून तंतू एका दिशेला लावतात, इथे ते तसे लावत नाहीत. तंतू आडवेतिडवे राहतात, मध्ये हवा अडकते, म्हणून कापड उबदार होतं. पण त्यामुळेच धागा कमजोर असतो. पीळ कमी, जाडी कमी-जास्त. कापसाच्या चांगल्या सुताला चालणारा वेग या धाग्याला सोसत नाही. ट्वीडचा माग हळू का चालतो, याचं तांत्रिक कारण हे आहे.

गिरणी ताणा, म्हणजे उभे धागे, भीम नावाच्या रुळावर गुंडाळून, बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं, सूत आणि नक्षीचा कागद देऊन व्हॅनमधून विणकराच्या घरी पाठवते. विणकर शेडमध्ये विणतो आणि कच्चं, तेलकट कापड गिरणीची गाडी परत नेते. सूत गिरणीचं, डिझाइन गिरणीचं, विणकराला मिळते ती मजुरी. इचलकरंजीच्या खर्चीवाल्या, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्या, यंत्रमागधारकाला ही रचना समजावून सांगायची गरज नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग लावला. आज तिथल्या खर्चीवाल्यांना जे सोसावं लागतं, तेच हेब्रिडीजमधल्या विणकरालाही लागतं. मागणी पडली की पहिला माग थांबतो तो त्याचा, कारण भीमच येत नाही. काही विणकर गिरणीकडून सूत विकत घेऊन स्वतःच्या नक्षीचं कापड विणतात आणि थेट विकतात. शक्य असेल तिथे अशांकडून घ्यावं. नक्षी वेगळी मिळते आणि नफा विणणाऱ्याच्या हातात राहतो.

मागांचे प्रकार मुख्यतः दोन, आणि गिऱ्हाइकाला तेच सगळ्यांत उपयोगाचं ज्ञान आहे.

पहिला हॅटर्स्ली. यॉर्कशरमधल्या कीघलीच्या जॉर्ज हॅटर्स्ली अँड सन्स या कंपनीचा हा घरगुती माग पहिल्या महायुद्धानंतर आउटर हेब्रिडीजमधल्या लुईस बेटावर आला. संपूर्ण ओतीव लोखंडाचा, दिसायला यंत्रमागासारखा, पण त्याला मोटर नाही. विणकर दोन पावट्या आळीपाळीनं दाबतो. त्या एकाच हालचालीतून ताण्याचे धागे उचलणाऱ्या वह्या वरखाली होतात, बाण्याचा धागा नेणारा धोटा फेकला जातो, फणी बाणा ठोकते आणि कापड गुंडाळलं जातं. बाण्याचे रंग बदलण्यासाठी बाजूला धोट्यांची फिरती पेटी असते, म्हणून चौकटी विणता येतात. ताण्यात सातशेच्या आसपास धागे. तयार कापड साधारण ७५ सेंटिमीटर रुंद.

दुसरा बोनास-ग्रिफिथ, १९९० च्या दशकातला, दुप्पट रुंदीचा. यात धोटा नाही, रेपिअर नावाचा दांडा बाणा ओढून नेतो. ताकद मात्र पायांचीच. विणकर सायकलसारखे पेडल मारतो. तयार कापड १५० सेंटिमीटर रुंद, म्हणजे जगभरचे शिंपी आणि कपड्यांचे कारखाने ज्या रुंदीचं कापड मागतात तेवढं.

कोणतं कापड कुठल्या मागाचं, हे काठ पाहून कळतं. हॅटर्स्लीवर बाणा काठाशी वळून परत येतो, म्हणून काठ बंद, सलग आणि घट्ट असतो. रेपिअर प्रत्येक फेरीला धागा कापतो, म्हणून तिथे काठाला झालर दिसते. झालर हा दोष नाही. कोट शिवायचा असेल तर दुप्पट रुंदीचंच घ्यावं. पाठ आणि पुढे एकाच रुंदीतून निघतात, चौकटी जुळवणं सोपं जातं, कापडही कमी वाया जातं. हॅटर्स्लीचं कापड कमरकोट, टोपी, पिशवी, खुर्चीची गादी यांसाठी उत्तम. त्याचा स्पर्श किंचित अधिक जिवंत लागतो. पायाची ठोक कायम तंतोतंत सारखी नसते, त्यामुळे बाण्याची घनता इंचाइंचाला थोडी हलते. मोठी चौकट असेल तर याच कारणानं चौकटीची उंची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काही मिलिमीटरनं बदलू शकते. अशा कापडात शिंप्याला दहा-पंधरा सेंटिमीटर जास्त द्यावेत.

दोष कुठे शोधायचे? कापड खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात पाहा. आडवा पट्टा दिसला तर दोन कारणं संभवतात. एक तर माग थांबवून पुन्हा सुरू करताना पहिली ठोक जोरात किंवा हलकी पडली, किंवा बाण्याच्या सुताची रंगाची खेप मध्येच बदलली. पहिला पट्टा बारीक असतो आणि अंगावर घातल्यावर कळत नाही. दुसरा जिथे सुरू होतो तिथून पुढे सगळ्या कापडाची छटाच बदललेली असते, आणि असं कापड परत करावं. उभी बारीक रेघ सलग दिसली तर ताण्याचा एक धागा तुटून बराच वेळ तसाच विणला गेला किंवा वहीत चुकीच्या जागी ओवला गेला. वहिफणी करताना, म्हणजे ताण्याचे धागे वह्या-फणीत ओवताना, एक धागा चुकला की हेरिंगबोनचा, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या नक्षीचा, मणका त्या ठिकाणी मोडलेला दिसतो. गाठी आणि तुटके धागे गिरणीतल्या रफू करणाऱ्या बायका सुईनं एकेक दुरुस्त करतात. त्यांचं काम चांगलं असेल तर दुरुस्ती शोधूनही सापडत नाही. सुतात मधूनच येणारा जाडसर ठिपका किंवा वेगळ्या रंगाचा तंतू हा दोष धरू नये, पिंजलेल्या लोकरीचा तो स्वभावच आहे.

कापडाचं खरं भवितव्य मात्र मागावर नाही, त्यानंतर ठरतं. मागावरून उतरलेलं कापड विरळ, तेलकट आणि कडक असतं, बारदानासारखं. गिरणीत ते आधी धुऊन तेल काढतात. मग साबणाच्या कोमट पाण्यात रूळांमधून दाबत, फिरवत मळतात. लोकरीच्या तंतूंवर खवले असतात, ओलावा, उष्णता आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आकसून घट्ट होतं. फणीतल्या रुंदीचा सहावा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त यात जातो. मग ताणून वाळवणं, वरचे उभे तंतू कातरणं, वाफ देणं. मळणी कमी झाली तर कोपरावर फुगवटा येतो आणि शिवणीपाशी धागे सरकतात. जास्त झाली तर कापड नमद्यासारखं होतं, वीण बुजते आणि शिंप्याला खांद्याला आकार देता येत नाही. दुकानात करायची परीक्षा सोपी आहे. कापड मुठीत घट्ट आवळून सोडा. सुरकुती काही क्षणांत उकलली पाहिजे. मग दोन्ही अंगठ्यांनी कापड आडवं ताणा. धागे सरकून फट पडली तर ते कोटाला घेऊ नका.

धुलाई-मळणीची ही यंत्रं, पिंजण आणि कताई एवढी सामग्री कुठलाही विणकर घरी ठेवू शकत नाही. म्हणून शेकडो विणकरांचा हा सगळा धंदा गेली बरीच वर्षं लुईस बेटावरच्या तीन गिरण्यांवर उभा आहे: शॉबॉस्ट, स्टॉर्नोवे आणि कार्लोवे. ट्वीडच्या गिरण्यांच्या ऱ्हासाबद्दल बोलताना माग बंद पडल्याचं लोक सांगतात. खरा घाव कताईच्या आणि फिनिशिंगच्या खात्याला बसतो. माग एकटा-दुकटाही चालू शकतो. पिंजण आणि मळणीला मोठा, सततचा माल लागतो. माल ठरावीक पातळीखाली गेला की पाणी, वाफ आणि माणसं यांचा खर्च निघत नाही, आणि ते खातं बंद झालं की आसपासचे सगळे माग सुताविना उभे राहतात.

दक्षिण स्कॉटलंडच्या बॉर्डर्स भागात हेच घडलं. गॅलाशील्स, हॉइक, सेल्कर्क, पीबल्स ही ट्वीडची गावं. नद्यांचं मऊ पाणी धुलाईला आणि चक्क्या फिरवायला, नंतर वाफेचं इंजिन आणि रेल्वे. इथला माग शुद्ध यंत्रमाग होता. इंग्लंडच्या सॅडलवर्थ भागातल्या हचिन्सन, हॉलिंगवर्थ कंपनीचा डॉबक्रॉस माग त्यातला सर्वांत नावाजलेला. दोन्ही बाजूंना धोट्यांच्या पेट्या, डॉबी या वह्या उचलणाऱ्या यंत्रणेवर गुंतागुंतीची नक्षी, आणि वेग मिनिटाला शंभर ठोकींच्या आसपास. कमजोर सुताला तो वेग मानवायचा. नंतर बिनधोट्याचे माग आले आणि तेच काम कित्येक पट वेगानं करू लागले. एका नव्या मागानं चार-पाच जुने उठवले. त्याच काळात गिऱ्हाईकही बदललं. घरांत आणि गाड्यांत हीटर आले, जड कोटाची गरज उरली नाही, मिश्र धाग्यांची हलकी कापडं आली, आणि इटलीतल्या प्रातोचं जुन्या लोकरी चिंध्यांपासून केलेलं कापड निम्म्याहून कमी भावात मिळू लागलं. १९६९ मध्ये या भागातून जाणारी वेव्हर्ली रेल्वे बंद झाली. पीबल्सची मार्च स्ट्रीट गिरणी २०१५ मध्ये थांबली. ठाण्याची १९२५ सालची रेमंडची लोकरी गिरणीही २००९ मध्ये बंद झाली. तिची कारणं वेगळी होती, पण शहरातल्या जमिनीवर गिरणी चालवणं परवडेनासं झालं की काय होतं, ते आपल्याकडेही पाहिलेलं आहे.

हेब्रिडीज या लाटेतून सुटलं असं मात्र नाही. १९६६ साली तिथे ७६ लाख यार्ड कापड झालं, तो उच्चांक. पुढे अमेरिकेतली मागणी घसरली. १९७० च्या दशकात रुंद यंत्रमाग छोट्या कारखान्यांत बसवण्याचा प्रस्ताव आला. विणकरांनी तो मतदानात मोठ्या बहुमतानं फेटाळला. तो निर्णय बरोबर होता असं आमचं ठाम मत आहे. मोटर आली असती तर हातमागाचा दावा गेला असता, शिक्का गेला असता, आणि यॉर्कशरच्या यंत्रमागाशी भावात टक्कर घेणं या दूरच्या बेटांना कधीच जमलं नसतं. पण त्या निर्णयाची किंमतही होती. रुंद कापड मागणाऱ्या बाजारात पुढची वीस वर्षं ७५ सेंटिमीटरचंच कापड विकावं लागलं. पायानं चालणारा रुंद माग तेव्हाच आला असता तर बरेच विणकर धंदा सोडून गेले नसते.

दुसरा मोठा धक्का २००६ चा. स्टॉर्नोवेची सर्वांत मोठी गिरणी यॉर्कशरच्या एका उद्योजकानं घेतली आणि हजारो नक्ष्या बाद करून चारच ठेवल्या, तेही फक्त स्वतःच्या कोटांसाठी. बाहेरच्या गिऱ्हाइकांना कापड मिळेनासं झालं आणि विणकर रिकामे बसले. २००७ मध्ये शॉबॉस्टची बंद गिरणी हॅरिस ट्वीड हेब्रिडीज या नव्या कंपनीनं सुरू केली आणि धंदा सावरला. आज कापड घेताना नक्षी, वजन आणि रंग यांत निवड करता येते, ती त्यामुळे.

आता खरेदीचं. वजन आधी विचारा. १५० सेंटिमीटर रुंदीला मीटरमागे ४७० ते ५०० ग्रॅम हे नेहमीचं वजन. लंडन, टोरंटो, न्यू जर्सीच्या थंडीत कोटाला हेच घ्यावं. त्याहून हलकं, ४०० ग्रॅमच्या आत-बाहेरचंही मिळतं. महाबळेश्वर, नाशिक किंवा पुण्यातल्या डिसेंबरच्या रात्री तेच झेपेल. मुंबई-कोकणासाठी कोट शिवू नये, टोपी किंवा पिशवीवर समाधान मानावं. पॅन्टला हे कापड घेऊ नका, गुडघ्यावर फुगवटे येतात आणि इस्त्रीची घडी राहत नाही. रुंद कापडातून मध्यम बांध्याच्या कोटाला दोन मीटर लागतं, मोठी चौकट असेल तर सव्वादोन ते अडीच. अरुंद कापडातून चार मीटर धरा.

शिंप्याला काही गोष्टी आधीच सांगाव्या. कापण्यापूर्वी पूर्ण कापडाला वाफ द्यायची. शिवणीसाठी सुटलेली बाजू दीड सेंटिमीटरपेक्षा कमी नको, कारण कडा सुटते. ती लगेच ओव्हरलॉक करावी. सुई १०० नंबरची, टाका तीन मिलिमीटरचा. अस्तर पॉलिएस्टरचं न लावता व्हिस्कोस किंवा क्युप्रोचं लावावं, नाहीतर घाम आत अडकतो. इस्त्री ओल्या फडक्यावरून दाबून उचलायची, घासायची नाही.

पर्यायही आहेत. जरा मऊ आणि स्वस्त ट्वीड हवं असेल तर यॉर्कशरमधल्या गाइझलीची अब्राहम मून ही १८३७ सालची गिरणी पाहा. पिंजण, कताई, विणाई, फिनिशिंग सगळं एका आवारात करणाऱ्या ब्रिटनमधल्या मोजक्या गिरण्यांपैकी ती एक. कापड यंत्रमागाचं, पण काम चोख. ठिपकेदार, भुरभुरीत पोत आवडत असेल तर आयर्लंडचं डोनेगल ट्वीड घ्या. रोजच्या वापराला मूनचं कापड बरं पडतं. रंग आणि टिकाऊपणात हॅरिस सरस.

भारतात ‘ट्वीड’ म्हणून विकलं जाणारं बरंचसं कापड पॉलिएस्टर-व्हिस्कोसचं किंवा पुनर्वापराच्या लोकरीचं असतं. काठातून ताण्याचा एक आणि बाण्याचा एक धागा काढून जाळून पाहा. लोकर जळताना जळक्या केसांचा वास येतो, ज्योत काढली की विझते आणि काळी राख बोटात चुरगळते. पॉलिएस्टरचा धागा वितळून टणक मणी उरतो. दोन्ही धागे तपासायचे, कारण ताणा एक आणि बाणा दुसराच अशी भेसळ होते. हॅरिसच्या लेबलावर क्रमांक असतो. तो विक्रेत्याकडून आधीच मागून घ्यावा.

कापडाला खरा शत्रू कसर. घातल्यावर कोट रुंद हँगरवर दिवसभर मोकळा टांगा आणि मऊ ब्रशनं वरून खाली झाडा, विशेषतः कॉलरखाली आणि खिशाच्या तोंडाशी, कारण कसर घामट जागा आधी खाते. ड्रायक्लीन हंगामात एकदाच, पावसाळ्यात ठेवून देण्यापूर्वी. पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत घालू नका, आपल्याकडच्या दमट हवेत बुरशीचे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. पिशवी सुती हवी. डांबराच्या गोळ्या कापडाला न टेकता टांगा. बारीक भोकं दिसली तर कोट प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. पिशवी बाहेर काढल्यावर कोट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ती उघडू नका, नाहीतर दव धरतं. अळ्या आणि अंडी मेल्यावर मगच रफूला द्या. शिवताना उरलेले तुकडे त्यासाठी जपून ठेवा. त्यातूनच धागे काढून भोक विणलं तर रंग हुबेहूब जुळतो.